फ्रान्त्स क्लेमेंटवरचा जुना आरोप

बीथोवनच्या व्हायोलिन कन्चेर्टोबद्दलची एक गोष्ट रसिकांना इतकी पाठ झाली आहे, की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. २३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये फ्रान्त्स क्लेमेंटने ही रचना प्रथम वाजवली. गोष्ट सांगते, की त्याने ती तालमीविना, समोरचे कागद वाचत कशीबशी पार पाडली. पहिला भाग संपताच तो मध्येच थांबला आणि व्हायोलिन उलटे धरून एकाच तारेवर स्वतःची करामत दाखवू लागला. त्या खेळापायी कन्चेर्टो पडला, विस्मरणात गेला, आणि १८४४ मध्ये बालवादक योआखिमने त्याला जीवदान दिले. मैफलीच्या माहितीपत्रकांत आणि तबकड्यांच्या वेष्टनांवर हीच कथा थोड्याफार फरकाने छापलेली असते. तिच्यात एक थोर रचनाकार आहे, एक उथळ वादक आहे आणि एक अडाणी श्रोतृवर्ग आहे. या तिघांपैकी दोघांवर अन्याय झाला आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्षाच्या हातात काहीच नाही असे नव्हे. रचना फार उशिरा पुरी झाली हे खरे. बीथोवनचा शिष्य चेर्नी याने मैफलीच्या जेमतेम दोन दिवस आधी ती संपल्याचे सांगितले आहे. उलट्या व्हायोलिनवर, एका तारेवर वाजवायच्या सोनाटाचा उल्लेखही त्या दिवसाच्या जाहिरातपत्रकात आहे. आणि जानेवारी १८०७ मध्ये योहान मोझरने व्हिएन्नातल्या नाट्यविषयक पत्रात लिहिलेल्या परीक्षणात, रचनेचे धागे तुटल्यासारखे वाटतात, सामान्य जागांची पुनरावृत्ती कंटाळा आणते, अशी जाणकारांची तक्रार नोंदवलेली आहे.

पण तेच जाहिरातपत्रक पुरते वाचावे. मैफलीचे दोन भाग होते. मेह्यूलच्या ओव्हर्चरमागोमाग बीथोवनचा कन्चेर्टो पहिल्या भागात होता. क्लेमेंटचे उत्स्फूर्त वादन आणि तो एकतारी सोनाटा दुसऱ्या भागात होते. म्हणजे कन्चेर्टो मध्येच तोडून खेळ केला, या कथेला पत्रकाचा आधार नाही. रचनेची घडणही पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या भागातून तिसऱ्यात व्हायोलिन न थांबता शिरते, तेव्हा तिथे फट नाही. उरते ती पहिल्या आणि दुसऱ्या भागामधली एकच जागा, आणि तिथे काही घुसवले गेल्याचा समकालीन पुरावा नाही.

समजा, घुसवले असते, तरी त्या काळच्या श्रोत्याला तो अपमान वाटला असता का? २३ मार्च १७८३ रोजी मोझार्टने व्हिएन्नात केलेल्या मैफलीचा क्रम त्याच्याच पत्रातून कळतो. हाफ्नर सिंफनीचे पहिले तीन भाग सुरुवातीला झाले, मग गायन, पियानो कन्चेर्टो आणि इतर बरेच काही, आणि सिंफनीचा शेवटचा भाग अगदी अखेरीस. रचनाकाराने स्वतः आपली सिंफनी अशी दुभंगली होती. आज आपण ज्याला पवित्र मानतो, म्हणजे आधी ओव्हर्चर, मग कन्चेर्टो, मध्यंतर, मग सिंफनी, तो क्रम एकोणिसाव्या शतकात हळूहळू स्थिरावला. त्या नंतरच्या मापाने १८०६ ची संध्याकाळ मोजणे हाच मूळ दोष आहे. ख्याल रंगल्यावर गायकाने ठुमरी किंवा नाट्यपद घेतले तर ख्यालाचा अपमान झाला असे आपण म्हणत नाही. व्हिएन्नाचा श्रोताही तसा विचार करत नव्हता.

मोझरचे परीक्षणही अर्धेच सांगितले जाते. त्याच परीक्षणात, नावीन्यामुळे आणि अनेक सुंदर जागांमुळे रचनेला विलक्षण दाद मिळाली आणि क्लेमेंटच्या वादनाला मोठ्याने शाबासकी मिळाली, असे स्पष्ट म्हटले आहे. श्रोते खूश होते, कुरकुर जाणकारांची होती. प्रचलित कथेत ही भूमिका नेमकी उलटी झाली आहे, आणि गेली कित्येक वर्षे आपण त्या श्रोत्यांना नावे ठेवत आलो आहोत.

रचना 'पडली' म्हणावे, तर पुढच्या चार महिन्यांचे काय करायचे? २० एप्रिल १८०७ रोजी लंडनचा प्रकाशक आणि पियानोवादक म्युझिओ क्लेमेंटी याने बीथोवनशी २०० पौंडांचा करार केला. चौथी सिंफनी, चौथा पियानो कन्चेर्टो, ओपस ५९ ची तीन क्वार्टेट्स आणि कोरिओलान ओव्हर्चर यांच्या जोडीला हा व्हायोलिन कन्चेर्टोही त्या करारात आहे. एवढेच नव्हे, तर त्याचे पियानोसाठी रूपांतर करून द्यावे ही मागणीही आहे. पडलेल्या मालाची दुसरी आवृत्ती कुठला व्यापारी मागतो? पुढे १८०८ मध्ये व्हिएन्नात कन्चेर्टो छापून आला.

आता क्लेमेंट. हा मनुष्य १७८० मध्ये व्हिएन्नात जन्मला, लहानपणीच लंडनला गेला आणि हायडन तिथे होता त्याच काळात तिथल्या मंचांवर वाजवून आला. १७९४ मध्ये तरुण बीथोवनने त्याच्या स्वाक्षरीवहीत जिव्हाळ्याने लिहिले. पुढे तो थिएटर आन डेर वीनच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. 'फिडेलिओ' हा बीथोवनचा ऑपेरा पहिल्या प्रयोगांत फसल्यावर त्याची काटछाट करण्यासाठी आश्रयदाते लिख्नोव्स्की यांच्या घरी मंडळी जमली, तेव्हा क्लेमेंटने अख्खा ऑपेरा व्हायोलिनवर तोंडपाठ वाजवल्याची आठवण गायक रोकेलने सांगून ठेवली आहे. अशा स्मरणशक्तीच्या माणसाने दोन दिवसांत काय आत्मसात केले असेल, याचा विचार न करता त्याला 'कागद वाचणारा' ठरवणे मला पटत नाही.

सर्वांत मोठा साक्षीदार रचनाच आहे. लाइपझिगच्या संगीतपत्राने १८०५ मध्ये क्लेमेंटच्या वादनाचे वर्णन केले आहे: व्हियोत्तीच्या घराण्याची ठळक, जोरकस तड त्यात नाही, पण अवर्णनीय नाजूकपणा, टापटीप आणि लालित्य आहे. मग कन्चेर्टो ऐकावा. टिंपनीच्या चार ठोक्यांनी सुरुवात होते, एकल व्हायोलिन जवळजवळ तीन मिनिटे गप्प असते, आणि येते तेव्हा गर्जत येत नाही. सप्तकांच्या अंतराने पायऱ्या चढत, वरच्या पट्टीत तरंगत येते. पुढेही त्याचे निवासस्थान वरच्या स्वरांतच आहे. मधल्या लार्गेट्टोत तर वाद्यवृंद मूळ धून पुन्हा पुन्हा म्हणतो आणि व्हायोलिन तिच्याभोवती नक्षी विणत राहते. हे लेखन क्लेमेंटच्या हाताला मोजून बेतलेले आहे. हस्तलिखितावर त्याच्या नावावर प्रेमळ कोटी करत बीथोवनने ते त्याला उद्देशून लिहिल्याचे नोंदवले आहे. ज्याने वादकाला कमी लेखले त्याच्या हातून असे घडत नाही.

आणि या कन्चेर्टोला एक थोरला भाऊ आहे, ज्याची आठवण क्वचितच काढली जाते. ७ एप्रिल १८०५ रोजी याच रंगमंचावर क्लेमेंटच्या बेनिफिटची, म्हणजे त्याच्या लाभासाठीची, मैफल झाली. त्यात 'एरोइका' सिंफनी प्रथमच जाहीरपणे वाजली, बीथोवनच्या दिग्दर्शनाखाली. आणि तिच्या सोबतीला क्लेमेंटचा स्वतःचा डी मेजरमधला व्हायोलिन कन्चेर्टो होता. बीथोवनने तो ऐकला. दीड वर्षाने त्याने त्याच सुरात, त्याच वादकासाठी, तसाच ऐसपैस पहिला भाग आणि तशीच वरच्या पट्टीतली गुंफण योजली. दोन्ही रचना शेजारी ठेवल्या की ऋण कानाला स्पष्ट कळते. अर्थात बीथोवनचा कन्चेर्टो कितीतरी खोल आहे.

मग तो मागे का पडला? पुरता मागे पडलाही नव्हता. १८१२ मध्ये बर्लिनला तोमासिनीने, १८२८ मध्ये पॅरिसला बायोने आणि १८३४ मध्ये व्हिएन्नात चौदा वर्षांच्या व्ह्यूताँने तो वाजवला. मात्र तो विरळा राहिला, आणि याचे कारण उलट्या व्हायोलिनात शोधू नये. त्या पिढीचा व्हायोलिनवादक स्वतःचे कन्चेर्टो लिहून गावोगाव वाजवत असे. दुसऱ्याची रचना वाजवणे हा त्याचा धंदाच नव्हता. त्यात ही रचना चाळीस मिनिटांहून लांब, वाद्यवृंदावर तेवढाच भार टाकणारी आणि एकट्याच्या चमकदमकीला कमी वाव देणारी. २७ मे १८४४ रोजी लंडनला मेंडेल्सझोनच्या दिग्दर्शनाखाली बारा वर्षांच्या योआखिमने ती वाजवली, तेव्हा वादक हा दुसऱ्याच्या रचनेचा भाष्यकार असतो, ही कल्पना नुकती रुजू लागली होती. योआखिमचा पराक्रम मोठा आहे, पण क्लेमेंटचे नाव काळे करून तो मोठा करण्याची गरज नाही. पुढे १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगला ब्राम्सचा कन्चेर्टो प्रथम वाजवताना योआखिमने त्याच मैफलीत आधी बीथोवनचा वाजवला, इतका तो त्याच्या अंगी भिनला होता.

क्लेमेंट १८४२ मध्ये हलाखीत वारला. त्याच्या कन्चेर्टोची क्लाइव्ह ब्राउनने संपादित केलेली आवृत्ती २००५ मध्ये छापली गेली आहे आणि रेचल बार्टन पाइनने तो ध्वनिमुद्रितही केला आहे. म्हणजे वाजवण्यात अडचण उरलेली नाही. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिचे संगीत-दिग्दर्शक मारात बिसेनगालिएव्ह स्वतः व्हायोलिनवादक आहेत. त्यांनी एका संध्याकाळी ७ एप्रिल १८०५ ची ती जोडी, क्लेमेंटचा कन्चेर्टो आणि 'एरोइका', एकत्र वाजवावी, आणि माहितीपत्रकात उलट्या व्हायोलिनची गोष्ट गाळून जाहिरातपत्रकाचा खरा क्रम छापावा.