सांखळी आणि उत्तर

१६०५ सालीं जहांगीर गादीवर बसला, तेव्हां आपण पहिली आज्ञा कोणती दिली हें त्यानें स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत नमूद करून ठेविलें आहे. आग्र्याच्या किल्ल्याच्या तटापासून यमुनातीरावरील एका दगडी खांबापर्यंत साठ घंटांची सोन्याची सांखळी बांधण्यांत आली. ज्याला न्याय मिळाला नसेल त्यानें ती ओढावी, म्हणजे मधल्या अधिकाऱ्यांना वगळून त्याचें गाऱ्हाणें थेट बादशहाच्या कानीं जाईल, अशी ही योजना. कल्पना मोठी मनोहर खरी. परंतु सांखळी ओढणें रयतेच्या हातीं आणि दाद देणें बादशहाच्या हातीं, हा भेद तींत पहिल्यापासूनच होता.

लोकसत्ताक अमेरिकेंतही तो भेद मिटला नाहीं. १७९१ सालच्या घटनादुरुस्तीनें सरकारकडे अर्ज करण्याचा नागरिकांचा हक्क सुरक्षित केला. उत्तर मिळण्याचा हक्क मात्र तींत कोठेंही लिहिलेला नाहीं. गुलामगिरीविरुद्ध अर्जांचे ढीग येऊं लागले, तेव्हां १८३६ सालीं प्रतिनिधिगृहानें ठराव केला कीं, असे अर्ज चर्चेस न घेतां तसेच बाजूस ठेवावे. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्या वेळीं सभागृहाचे एक साधे सभासद होते. या तोंडबंदीशीं ते आठ वर्षें झगडले. १८४४ च्या डिसेंबरांत ती उठली, तेव्हां त्यांचें वय ७७ वर्षांचें होतें.

त्या अर्जांवरील सह्या दारोदार हिंडून गोळा केलेल्या असत. त्यामुळें एकेका सहीला वजन होतें. सप्टेंबर २०११ मध्यें अध्यक्ष बराक ओबामा यांनीं इंटरनेटवर ‘वी द पीपल’ या नांवाचें अर्जालय उघडलें, आणि सही करणें हें क्षणाचें काम झालें. तीस दिवसांत ५,००० सह्या जमल्यास व्हाइट हाउस उत्तर देईल, असें अभिवचन होतें. थोड्याच दिवसांत हा आंकडा २५,००० वर आणि जानेवारी २०१३ मध्यें १,००,००० वर नेण्यांत आला. सांखळी सर्वांच्या हातीं लागतांच ती उंच टांगावी, तसाच हा प्रकार!

अर्जही नाना तऱ्हांचे येत. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतलें, ग्रहांचा चुराडा करणारें राक्षसी अवकाशयान सरकारनें बांधावें, अशी मागणी ३४,००० हून अधिक लोकांनीं केली. ग्रह उडवून देण्यास आपला पाठिंबा नाहीं, असें सरकारनेंही तितक्याच गंभीर मुद्रेनें कळविलें. ही थट्टा म्हणून सोडून देतां येईल. पण त्याच सुमारास दुसरा एक अर्ज आला. एका कंपनीकडून घेतलेला मोबाइल फोन दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालूं नये म्हणून त्याला जणूं कुलूप घातलेलें असे. नव्या फोनांचें हें कुलूप कंपनीच्या परवानगीवांचून काढणें जानेवारी २०१३ पासून बेकायदा ठरलें. हा निर्णय कोणाचा, तर काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाचा! लेखाधिकाराच्या कायद्यांतील अपवाद ठरविण्याचें काम तेथें त्याच्याकडे आहे. १,१४,००० हून अधिक सह्या पडल्या, मार्चमध्यें सरकारनें अर्जदारांची बाजू घेतली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं कुलूप काढण्यास मोकळीक देणाऱ्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. या अर्जालयाच्या इतिहासांतील हें सर्वांत भरीव यश म्हणावें लागेल.

परंतु जेथें उत्तर देणें अवघड, तेथें घंटा बराच काळ वाजत राहिली. सरकारच्या गुप्त पाळतीचीं कागदपत्रें उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांना माफी द्यावी, या जून २०१३ मधील अर्जानें लाखाची मर्यादा त्याच महिन्यांत ओलांडली. नकाराचें उत्तर आलें तें जुलै २०१५ मध्यें, म्हणजे दोन वर्षांनीं. किती दिवसांत उत्तर द्यावें, याचा नियमच नव्हता.

पुढें २०१७ सालीं डॉनल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. अर्जालय चालूं राहिलें. सह्याही पडत राहिल्या. पण पहिलें जवळजवळ वर्षभर एकाही अर्जास उत्तर मिळालें नाहीं. २० जानेवारी २०२१ रोजीं जो बायडन यांचा शपथविधि झाला, त्याच दिवशीं तें बंद झालें. त्यासाठीं कोणताही कायदा रद्द करावा लागला नाहीं, कारण मुळांत तो केलेलाच नव्हता. अ‍ॅडम्स यांना झगडण्यासाठीं निदान एक ठराव तरी समोर होता. ओबामांच्या कारकीर्दींतील अर्ज आणि त्यांना मिळालेलीं उत्तरें राष्ट्रीय दप्तरखान्यानें जपून ठेविलीं आहेत. तीं कोणालाही वाचतां येतात. नवी सही मात्र करतां येत नाहीं.