निळा पडदा आणि जादूची कांडी

फोटोशॉपमध्ये 'मॅजिक वाँड' नावाचं एक हत्यार आहे. चित्रात कुठंही टिचकी मारा, त्या ठिपक्याच्या रंगाचा, त्याला लागून असलेला सगळा भाग निवडला जातो आणि त्याच्या कडेनं मुंग्यांच्या रांगेसारखी तुटक रेघ पळू लागते. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आलं. पण रंगावरून चित्राचा तुकडा वेगळा काढायची विद्या त्याहून किमान पन्नास वर्षं जुनी. ती सिनेमावाल्यांची.

१९४० सालचा 'द थीफ ऑफ बगदाद' आठवा. बाटलीतून निघालेला जिन आभाळाएवढा होतो आणि त्याच्यासमोर एवढासा साबू. (हो, म्हैसूरच्या माहुताचा मुलगा, थेट विलायती पडद्यावर गेलेला आपला साबू!) जिन झाला होता रेक्स इन्ग्राम हा कृष्णवर्णीय अमेरिकन नट. असली दृश्यं जुळवायला लॅरी बटलरनं निळा पडदा वापरला. तेव्हाच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात तीन कृष्णधवल फिल्मा एकदम चालत. एकीवर लाल, दुसरीवर हिरव्या, तिसरीवर निळ्या प्रकाशाची नोंद. निळा पडदा निळ्या नोंदीत लख्ख, तर लाल नोंदीत काळाकुट्ट. या फरकातून नटाच्या आकाराची सावली तयार करायची आणि पडद्याच्या जागी दुसरंच दृश्य छापायचं. या कामगिरीबद्दल बटलरला ऑस्कर मिळालं.

निळाच का? कारण माणसाच्या कातडीत लाल जास्त आणि निळा कमी असतो. गोरा, सावळा, काळा, कुणीही घ्या. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा; रंगाची जात साधारण एकच. आपण ज्यावरून लग्नं मोडतो आणि क्रीमं विकतो, तो भेद निळ्या पडद्याच्या हिशोबातच नव्हता. (श्रीकृष्णाला मात्र या पडद्यासमोर उभं करायची सोय नाही :) )

आणि गंमत बघा, त्याच शतकात अमेरिकेतल्या फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला जे नमुन्याचं कार्ड असे, त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाईच असायची. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर! मग सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे काळोखात बुडाले तरी बरोबरच. म्हणजे एका तंत्रानं सगळ्या माणसांत समान काय ते शोधलं, दुसऱ्यानं एकाच माणसाला माप ठरवलं.

असो. निळ्या पडद्याची खरी अडचण होती काठाची. भुरभुरणारे केस, धूर, काच यांच्यात थोडा नट आणि थोडा पडदा मिसळलेला. 'बेन-हर'साठी (१९५९) पेट्रो व्लाहोसनं यावर तोड काढली. बहुतेक रंगांत निळा हिरव्यापेक्षा फारसा जास्त नसतो, हे त्यानं हेरलं. जिथं तो जास्त, तिथं पडदा. आणि जितका जास्त, तितका पडदा. प्रश्न 'हो की नाही' असा न राहता 'किती' असा झाला.

कांडीलाही हा 'किती' आपणच सांगायचा असतो. तिथं 'टॉलरन्स' नावाचा आकडा असतो, ० ते २५५. मूळ नेमणूक ३२. शब्दाचा अर्थ सहिष्णुता! शून्य ठेवलं तर अगदी हुबेहूब तोच रंग आपला, बाकी सगळे परके. वाढवत गेलं तर आजीच्या हिरव्या लुगड्याबरोबर मागची केळही आत येते. यंत्राला लुगडं कळत नाही, केळ कळत नाही. रेघ कुठं ओढायची ते आपलं आपण ठरवायचं.

२०१८ पासून फोटोशॉप एका टिचकीत चित्रातला माणूस 'ओळखून' निवडतं. लाखो चित्रं दाखवून शिकवलेल्या यंत्रांचे हे दिवस. सोय मोठी आहे, मीही ती आनंदानं वापरतो. फक्त, निळ्या पडद्याला कुणी माणसं दाखवून शिकवलं नव्हतं. या नव्या यंत्रांना शिकवलंय. आकडा आपल्या हातात होता तोवर रेघ कुणी ओढली ते माहीत असायचं. आता त्यांना कुणाचे चेहरे दाखवले आणि कुणाचे राहून गेले, हे विचारत राहायला हवं. नाहीतर शर्ली कार्ड परत यायला वेळ लागणार नाही, आणि या वेळी ते भिंतीवर टांगलेलंही दिसणार नाही.