मासेमारी नौकेवरील बॅटरी व्यवस्थापन

मासेमारी नौकेवरील बॅटरी व्यवस्थापन म्हणजे यांत्रिक मासेमारी नौकेवरील बॅटऱ्यांची निवड, जोडणी, चार्जिंग व निगा यांची पद्धत होय. इंजिन सुरू करणे, दिशादर्शक दिवे, व्हीएचएफ वायरलेस, जीपीएस, मासे शोधक यंत्र आणि नौकेच्या तळात साचलेले पाणी उपसणारा पंप ही सर्व कामे बॅटरीवर अवलंबून असतात. भर समुद्रात बॅटरी उतरल्यास इंजिन सुरू होत नाही आणि मदत मागण्यासाठी लागणारा वायरलेसही त्याच वेळी बंद पडतो. त्यामुळे इंजिन सुरू करण्याची बॅटरी इतर वापरापासून वेगळी राखणे हे या व्यवस्थापनाचे मूलतत्त्व मानले जाते.

प्रकार

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे सुधारित रूप नौकांवर आजही मोठ्या प्रमाणात वापरले जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. २४ व्होल्टची प्रणाली असल्यास अशा दोन बॅटऱ्या एकसरीत जोडतात.

इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ असतात. ती काही सेकंद मोठा विद्युतप्रवाह देते; मात्र वारंवार खोलवर उतरल्यास लवकर निकामी होते. दिवे व उपकरणांसाठी जाड पट्ट्यांची, दीर्घकाळ मंद प्रवाह देणारी बॅटरी योग्य ठरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी असते, परंतु तिला स्वतंत्र नियंत्रण यंत्रणा आणि तिच्या प्रकाराला अनुरूप चार्जर लागतो.

क्षमतेचा हिशेब

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत मोजतात. उदाहरणार्थ, दिवे व उपकरणे मिळून सरासरी ५ अँपिअर प्रवाह घेत असतील आणि इंजिन बंद ठेवून ती १० तास चालवायची असतील, तर ५० अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून या वापरासाठी किमान १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते.

चार्जिंग

इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटऱ्या चार्ज करतो. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी साधारण १४.४ व्होल्ट दाब वापरला जातो व ती पूर्ण भरल्यावर तो सुमारे १३.५ व्होल्टपर्यंत उतरवतात. इंजिनकक्षातील उष्णतेत हा दाब थोडा कमी ठेवावा लागतो, अन्यथा घटांतील पाणी लवकर आटते.

क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी तुलनेने जलद भरते; उरलेल्या भागाला अनेक तास लागतात. अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी हा काळ फारसा कमी होत नाही. थोडा वेळ इंजिन चालवून बंद करणाऱ्या नौकांवर बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहते. तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि क्षमता कायमची घटते. सौर पॅनेल किंवा बंदरातील चार्जर वापरून ही उणीव भरून काढता येते.

अवस्था ओळखणे

काही तास वापर व चार्जिंग बंद ठेवून मोजलेला दाब आणि हायड्रोमीटरने मोजलेली आम्लाची सापेक्ष घनता यांवरून बॅटरीची स्थिती कळते. सर्वसाधारण मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत:

- पूर्ण भरलेली: १२.७ व्होल्ट, १.२६५
- निम्मी भरलेली: १२.२ व्होल्ट, १.१९०
- पूर्ण उतरलेली: ११.८ व्होल्ट, १.१२०

एकाच घटाची घनता इतरांपेक्षा बरीच कमी आढळल्यास तो घट सदोष असण्याची शक्यता असते.

सुरक्षितता

चार्जिंगच्या अखेरीस हायड्रोजन वायू निर्माण होतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून बॅटरीची पेटी हवेशीर असावी लागते. समुद्राचे पाणी घटात शिरल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. त्यामुळे बॅटऱ्या तळातील पाण्यापासून उंच, झाकलेल्या व घट्ट बांधलेल्या ठेवतात. जोडणी सोडताना ऋण टोक आधी सोडतात व जोडताना शेवटी जोडतात. ओलसर तारांतून प्रवाह गळत राहिल्यास बॅटरी उतरतेच, शिवाय पंखा व त्याचा दांडा यांची झीजही होते.

निगा व मासेमारी बंदीचा काळ

घटांतील पट्ट्या सदैव बुडालेल्या राहतील इतके पाणी असावे. त्यासाठी केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरतात. खाऱ्या हवेने गंजणारी टोके स्वच्छ करून त्यांवर ग्रीस लावतात.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात कोकणात नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या जातात. नौकेवर तशीच राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. म्हणून ती पूर्ण चार्ज करून काढून घेणे, कोरड्या जागी ठेवणे व दर महिन्यास पुन्हा चार्ज करणे हितावह असते. हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी, इंजिन सुरू होताना दाब कितपत खाली जातो हे तपासल्यास दुर्बल बॅटरी बंदरातच ओळखता येते.

हे सुद्धा पहा

- शिसे-आम्ल बॅटरी
- अल्टरनेटर
- मासेमारी