मालेगावचे भाषण आणि शनवार तेली

पनवेलच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. गावात १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग आहे. कोकणात तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे बेने इस्रायल, म्हणजे शनवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तरी नाझींच्या ज्यूद्वेषाचे समर्थन मराठी पुढाऱ्यांनी केलेच. ऑक्टोबर १९३८ मध्ये सावरकर मालेगावात म्हणाले की राष्ट्र बहुसंख्यांचे असते. अल्पसंख्य ज्यूंना जर्मनीने हाकलले. पुढच्याच महिन्यात जर्मनीत सिनेगॉगे जाळली गेली. त्यानंतरही, १९३९ साली, गोळवलकरांनी जर्मन वंशाभिमानापासून हिंदुस्थानने धडा घ्यावा असे लिहिले.

शनवार तेल्यांना इथे कोणी हाकलले नाही, हे खरे. कारण तो धडा त्यांच्यासाठी नव्हताच. रोख मुसलमानांवर होता. म्हणूनच डिसेंबर १९४७ मध्ये सावरकर ज्यू राष्ट्राच्या कल्पनेचे स्वागतही करू शकले.

बाबासाहेबांनी मात्र १९४३ सालीच बजावले होते की नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविरुद्धचे सनातनीपण यांत विचाराने वा परिणामाने फरक नाही. जर्मनीचा इतिहास आपल्याला कशाला, असे विद्यार्थी विचारतात. मित्रहो, राष्ट्र बहुसंख्यांचेच ठरले, तर गावकुसाबाहेरच्यांनी जायचे कुठे?