गल्ल्यातून घरी नेलेला पैसा वहीत कुठे लिहायचा?

असोदा (ता. जळगाव) : किराणा असो, कृषी केंद्र असो की दूध डेअरी, गावातल्या दुकानदाराचा एकच गल्ला असतो. त्यातूनच दाणाबाजारातल्या व्यापाऱ्याचं बिल, त्यातूनच पोराची फी आणि त्यातूनच निंदणीच्या बायांची मजुरी. वर्षाअखेर मात्र प्रश्न पडतो, धंदा तर चालला, मग पैसा गेला कुठे?

मालकाने स्वतःसाठी धंद्यातून काढलेल्या पैशाला हिशेबात 'उचल' म्हणतात. उचल हा धंद्याचा खर्च नाही. हिशेबाच्या दृष्टीने दुकान वेगळं आणि मालक वेगळा. म्हणून घरी 5,000 रुपये नेले तर नोंद होते : उचल खाते नावे, रोख खाते जमा. फोन पे किंवा बँकेतून गेले तर रोखीऐवजी बँक खाते जमा. 31 मार्चला वर्षभराची उचल भांडवलातून वजा करायची.

समजा, दुकानात भांडवल 5,00,000 आहे. वर्षाचा नफा 3,60,000 झाला. मालकाने महिन्याला 40,000 प्रमाणे 4,80,000 उचलले. वर्षाअखेर भांडवल उरलं 3,80,000. म्हणजे नफ्यात असलेलं दुकान 1,20,000 ने खाली आलं. फळ्या रिकाम्या दिसायला लागतात ते इथून, आणि दोष जातो उधारीला. हीच उचल कुणी खर्चात टाकली तर वहीत 1,20,000 चा तोटा दिसेल. तो तोटा खोटा आहे, आयकरात चालत नाही.

मालकाचा स्वतःचा पगार, घरचा किराणा, विम्याचा हप्ता, लग्नाचा आहेर, एवढंच काय, त्याचा स्वतःचा आयकरसुद्धा उचलीत जातो. हिवाळ्यात मळ्यात केलेली भरीत पार्टीही उचलच, मग तिथे चार गिऱ्हाईक जेवून गेले तरी! घर-दुकानाचं वीज मीटर एकच असेल तर बिलाची वाटणी करावी. गाडीच्या पेट्रोलचंही तसंच.

खरी गफलत होते ती मालात. साखरेचा कट्टा घरी नेला, फवारणीचं औषध स्वतःच्या कपाशीला वापरलं, की ते कुठेच लिहिलं जात नाही आणि साठा कमी भरतो. अशा वेळी खरेदीच्या भावाने, छापील भावाने नाही, उचल खाते नावे आणि खरेदी खाते जमा करायचं. त्या मालावर जीएसटीची वजावट घेतली असेल तर ती परत करावी लागते. अनुदानित खताची गोणी असेल तर पॉस मशीनवर स्वतःच्या आधारवर नोंद करूनच ती शेतात न्यावी. मशीनमधला आणि गोदामातला साठा जुळला नाही तर तपासणीत थेट परवान्यावर येतं.

उलटंही होतं. कापूस विकला, पैसे गल्ल्यात टाकले. ही विक्री नव्हे, मालकाने आणलेलं भांडवल आहे. विक्रीत धरलं तर शेतीच्या उत्पन्नावर उगाच कर बसतो. कापूस विकल्याची पावती मात्र जपून ठेवा.

छोट्या दुकानदारांपैकी बरेच जण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरतात. 2 कोटींपर्यंतच्या उलाढालीवर रोखीला किमान 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेला 6 टक्के नफा धरला जातो. तिथे उचलीने कर कमी-जास्त होत नाही. पण घरखर्चाची उचल फारच थोडी दाखवली आणि दारात नवी गाडी उभी असली तर अधिकारी विचारतोच, घर कशावर चालतं? बँकेच्या कॅश क्रेडिटमधून लग्नाला पैसे काढले असतील तर त्या रकमेचं व्याजही धंद्याच्या खर्चात धरता येत नाही.

दोन भावांच्या भागीदारीत तर उचलीची वही आणखी जपावी लागते. प्रत्येकाचं उचल खातं वेगळं हवं. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार करारात लिहिलेलं नसेल तर भागीदाराला पगार मागता येत नाही आणि नफा सारखा वाटला जातो. दिवसभर दुकानात बसणारा भाऊ आणि फक्त पैसे न्यायला येणारा भाऊ, दोघांचा वाटा सारखाच. म्हणून महिन्याला किती उचलायचं, जास्त उचललं तर व्याज किती, हे करारपत्रात आधीच लिहून घ्यावं. वाटणीच्या दिवशी कुणी किती नेले हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, तारखेसह वहीच पुढे ठेवावी लागते.