निळा पडदा आणि सुटी हत्यारे

१९६० साली भोपाळ येथे मौलाना आझाद कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाले. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी स्वतः बांधलेला संगणक पूर्णपणे कार्यान्वित झाला. १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण करण्यात आले. या दोन घटनांचा तेव्हा परस्परांशी काही संबंध नव्हता. भोपाळच्या सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती संगणक यायला त्यानंतर जवळजवळ तीन दशके जावी लागली. आणि तो आला तेव्हा कोणत्या हत्यारांनी काम करावयाचे, हा निर्णय दुसऱ्याच कोणी तरी, दूर कोठे तरी, घेऊन टाकलेला होता.

प्रोग्राम रचणाऱ्याचे काम वरवर पाहता एकच दिसते. वस्तुतः ती चार कामे आहेत. मजकूर लिहिणे व सुधारणे हे एडिटरचे काम. त्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. रूपांतरित तुकडे एकत्र जोडणारा लिंकर, आणि चूक कोठे दडली आहे याचा माग काढणारा डीबगर. ही चार हत्यारे सुटी ठेवावीत आणि ज्याची त्याने आपल्या हाताला बसतील तशी निवडावीत, असा एक पक्ष आहे. सर्व हत्यारे एका छपराखाली, एका पडद्यावर बांधून द्यावीत, असा दुसरा. या दुसऱ्या व्यवस्थेला आज ‘आयडीई’ या आद्याक्षरांनी ओळखतात.

आरंभी असा वाद संभवतच नव्हता. १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळी प्रोग्राम छिद्रांकित कार्डांवर लिहिला जाई. एका कार्डावर एक ओळ. ओळ चुकली तर ते कार्ड काढून नवे घालावयाचे, गठ्ठा पुन्हा यंत्रचालकाकडे सोपवावयाचा आणि छापील निकालाची वाट पाहत बसावयाचे. लिहिणे आणि चालविणे यांच्यामध्ये कित्येक तासांचे अंतर असे. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोघा प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही भाषा सुरू केली आणि हे अंतर मिटविले. टंकयंत्रावर ओळी लिहाव्यात, ‘रन’ असा शब्द लिहावा आणि क्षणात उत्तर घ्यावे. विद्यार्थ्याला मधल्या खटपटीचा पत्ताही लागू नये, हाच त्यांचा उद्देश होता.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सचा स्वभाव अगदी उलट. तेथे प्रत्येक हत्यार लहान, स्वतंत्र आणि आपल्या एकाच कामात निष्णात. १९७६ साली बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला आणि त्याच वर्षी एमआयटीमध्ये ‘ईमॅक्स’चा जन्म झाला. या दोहोंच्या अनुयायांमधील भांडण अद्याप मिटलेले नाही; वैष्णव आणि शैव यांच्या जुन्या वादाची त्यात थोडी झाक आहे.

पुढील कथेत एका भारतीयाचा वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. पास्कल या भाषेचा एक सुवाह्य कंपायलर, म्हणजे कोणत्याही यंत्रावर थोड्या श्रमात बसविता येईल असा, १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात झुरिक येथे तयार झाला. तो रचणाऱ्यांमध्ये केशव नोरी हे होते. पुढे पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्याच कंपायलरच्या पायावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांसाठी एक संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. लहान यंत्रावर एडिटर आणि कंपायलर तीत शेजारी शेजारी नांदत होते. एडिटरात लिहावे, कंपायलरला चूक सापडताच पुन्हा त्याच ओळीवर यावे, ही सोय विद्यार्थ्यांना तेथे मिळाली.

१९८३ साली बोर्लंड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ विक्रीस आणले. त्याचा कंपायलर अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाने लिहिलेला होता. किंमत पन्नास डॉलरला पाच सेंट कमी. एरवी कंपायलरसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. सारे काम यंत्राच्या स्मृतीतच होत असल्याने त्याचा वेग थक्क करणारा होता. १९८७ मध्ये त्याच धर्तीवर ‘टर्बो सी’ आले आणि १९९० मध्ये ‘टर्बो सी++’. निळा पडदा, वर मेनूची पट्टी, मध्ये पिवळी अक्षरे.

हाच निळा पडदा मध्य भारतातील महाविद्यालयांत पोहोचला. १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सुलभ झाली आणि डॉसवर चालणारी वैयक्तिक यंत्रे प्रयोगशाळांतून दिसू लागली. १९९० मध्ये भोपाळला स्थापन झालेल्या माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठाने आपल्या अभ्यासकेंद्रांमार्फत संगणकाचे पदविका-वर्ग लहान लहान गावांपर्यंत नेले. १९९८ मध्ये राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय आले. यंत्रे थोडी, विद्यार्थी पुष्कळ आणि तासिका घड्याळाने बांधलेली; अशा ठिकाणी फ्लॉपीवरून बसविता येणारे, शिकवायला सोपे असे साधन स्वीकारले गेले यात नवल नाही. पाठ्यपुस्तक बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ असे. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरने भोपाळला दिलेली ही नंतरची भेटच म्हणावयाची. त्या पुस्तकात टर्बो सी कसे उघडावे, एफ-टू दाबून मजकूर कसा जतन करावा, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबून प्रोग्राम कसा चालवावा आणि ऑल्ट व एफ-फाइव्हने उत्तर कसे पाहावे, हे क्रमवार सांगितलेले होते. हजारो मुलांनी संगणकाची पहिली ओळख या चार-पाच कळांतून करून घेतली. त्या काळाच्या मानाने ही निवड योग्यच होती.

दोष निवडीचा नव्हता; ती कधी बदलली गेली नाही याचा होता. प्रात्यक्षिकाच्या वह्या, तोंडी परीक्षेचे प्रश्न, शिक्षकांची सवय, सारे निळ्या पडद्याभोवती घट्ट विणले गेले. ‘कोनिओ’ नावाची फाइल आणि पडदा पुसणारी ‘क्लर-स्क्रीन’ आज्ञा ही सी भाषेचीच अंगे आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज झाला. ती त्या यंत्रावरील कंपायलरवाल्यांनी आपल्या सोयीने जोडलेली होती. पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटून ऋण होतो, हाही भाषेचा नियम वाटे. तो सोळा बिटांच्या जुन्या यंत्राचा गुण होता. १९९८ मध्ये सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले, तरी वर्गात तिचे त्याआधीचे रूपच घोकले जात राहिले. शिकून पुणे वा बंगळूर गाठणाऱ्या मुलाला लिनक्सवर पहिलाच प्रोग्राम चालविताना अशी फाइल सापडत नाही, हे उत्तर मिळे. तीन वर्षांत त्याने कंपायलरला नावाने कधी हाक मारलेलीच नसे. चौसष्ट बिटांच्या विंडोजने जुने सोळा बिटी प्रोग्राम चालविणे सोडले, तेव्हा नव्या यंत्रात डॉसचे सोंग उभे करून त्यात टर्बो सी++ चालविण्यात येऊ लागले!

यावरून आयडीई ही वस्तूच टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. २००१ मध्ये आलेल्या एक्लिप्स आणि इंटेलिजे या व्यवस्थांना भाषेचे व्याकरण कळत होते. शेकडो फाइलींत विखुरलेले एक नाव बदलावयाचे तर साधा एडिटर केवळ अक्षरे जुळवून पाहतो आणि हमखास घोटाळा करतो. ही साधने ते नाव कोठे कोणत्या अर्थाने आले आहे हे पाहून बदलतात. मोठ्या मंडळीने मिळून करावयाच्या कामात ही मदत अमोल आहे. तिची किंमत यंत्राच्या स्मृतीत मोजावी लागते आणि जुन्या यंत्रावर ती फार जाणवते.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा हलका एडिटर पुढे आणला. त्याच्या मंडळाचे प्रमुख एरिक गामा यांनी पूर्वी एक्लिप्सच्या रचनेत महत्त्वाचा भाग घेतला होता आणि त्यांचे काम झुरिकमध्येच चालले होते. हा एडिटर ज्या टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिला आहे ती टर्बो पास्कलच्या हेल्सबर्ग यांच्याच हातची. २०१६ पासून भाषेचे ज्ञान एका वेगळ्या सेवकाकडे सोपवून कोणत्याही एडिटरने त्याच्याशी संवाद करावा, असा संकेत रूढ झाला. त्यामुळे व्हीआयच्या वंशातील एडिटरलाही व्याकरण कळू लागले आणि दोन पक्षांमधील कुंपण बरेच खाली आले.

भोपाळचा नवा विद्यार्थी आता बहुधा हाच एडिटर आपल्या यंत्रावर उतरवून घेतो. त्यात सी भाषेचा कंपायलर येत नाही. तो वेगळा बसवावा लागतो. तो पहिला प्रोग्राम लिहितो, चालविण्याचे बटण दाबतो, आणि कंपायलर सापडत नसल्याची सूचना पडद्यावर उमटते. कंपायलर म्हणजे काय आणि तो कोठून आणावयाचा, ही चौकशी त्याला त्या क्षणी स्वतः करावी लागते.