स्तनघनता : मॅमोग्रामवरील मोजमाप

स्तनात ग्रंथी, तंतुमय ऊतक आणि मेद असे तीन घटक असतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंचे मॅमोग्रामवर दिसणारे प्रमाण म्हणजे स्तनघनता. हाताला लागणाऱ्या घट्टपणाशी तिचा संबंध नाही. मऊ लागणारा स्तन चित्रात घन निघू शकतो आणि घट्ट लागणारा मेदाने भरलेला. घनता हा आजार नव्हे. चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या स्त्रियांत ती जास्त आढळते. तरीही ती मोजावी लागते, कारण घन ऊतक गाठ झाकते आणि घनता स्वतःही कर्करोगाचा धोका वाढवते.

मॅमोग्राफीत स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून कमी ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात. प्रत्येक बाजूची सहसा दोन चित्रे घेतात : एक वरून खाली आणि एक काखेपर्यंत जाणारे तिरपे. मेदातून किरण सहज पार होतात, म्हणून तो भाग काळपट दिसतो. ग्रंथी व तंतू किरण अडवतात, म्हणून ते पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते आणि सगळी अडचण इथेच आहे. काळपट मेदात सेंटिमीटरभर गाठ, तिच्या कडेने फुटलेल्या काटेरी रेषांसकट, चटकन नजरेत भरते. तीच गाठ दाट पांढऱ्या भागात असली, तर अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञाच्या नजरेतूनही सुटते. कॅल्शियमचे सूक्ष्म कण मात्र त्याहून ठळक पांढरे असल्याने घन स्तनातही दिसू शकतात. मेदयुक्त स्तनातले बहुतेक कर्करोग मॅमोग्राममध्ये सापडतात. अतिघन स्तनात हे प्रमाण शंभरात साठच्या आसपास उतरते.

घनता आणि धोका यांची सांगड प्रथम अमेरिकेतील डेट्रॉइटचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये घातली. चित्रांतील ऊतकांच्या ठेवणीवरून त्यांनी चार प्रकार पाडले. पुढे टोरोंटोचे नॉर्मन बॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी घनता टक्क्यांत मोजली. समजा, चित्रात स्तनाचे क्षेत्र १५० चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यातील पांढरा भाग ६०. तर घनता ४० टक्के. पांढऱ्याची हद्द माणसाने संगणकाच्या पडद्यावर ठरवायची आणि क्षेत्र संगणकाने मोजायचे, अशी ही रीत. त्यांच्या २००७ मधील अभ्यासात ७५ टक्के वा अधिक घनता असलेल्या स्त्रियांत, १० टक्क्यांहून कमी घनता असलेल्यांच्या तुलनेत, कर्करोगाचा धोका ४.७ पट आढळला. हा आकडा वाचून घाबरण्याआधी तुलना कोणाशी आहे ते पाहावे. दोन्ही टोकांच्या गटांत तुलनेने थोड्या स्त्रिया असतात. सर्वसाधारण स्त्रीच्या तुलनेत धरले, तर अतिघन स्तनाचा धोका साधारण दुप्पट भरतो.

रोजच्या कामात टक्केवारी क्वचितच लिहिली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या ‘बाय-रॅड्स’ पद्धतीत ए ते डी अशा चार श्रेणी आहेत : जवळजवळ पूर्ण मेदयुक्त, विखुरलेली घनता, असमान घन आणि अतिघन. सी व डी मिळून ‘घन स्तन’ म्हणतात. २०१३ च्या आवृत्तीत टक्क्यांच्या मर्यादा काढून टाकल्या आणि गाठ झाकली जाण्याची शक्यता हाच निकष ठेवला. शेवटी निवाडा नजरेचा, आणि नजर माणसागणिक बदलते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ८३ तज्ज्ञांपैकी एकाने ६.३ टक्के स्त्रियांचे स्तन घन ठरवले होते, तर दुसऱ्याने ८४.५ टक्के. म्हणून आता व्होल्पारा, क्वांट्रा यांसारख्या आज्ञावल्या ऊतकाचे घनफळ काढतात. त्या एकच चित्र दर वेळी सारखेच मोजतात, हा त्यांचा मोठा गुण.

घनता आयुष्यभर एकच राहत नाही. वयाबरोबर आणि पाळी गेल्यावर ती उतरते, रजोनिवृत्तीनंतर घेतलेल्या संप्रेरकांनी वाढते, टॅमॉक्सिफेन या औषधाने कमी होते. सडपातळ बांध्याच्या स्त्रीत मेद कमी असल्याने टक्केवारी जास्त भरते. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी, म्हणजे चाळिशी-पन्नाशीत अधिक दिसतो, आणि नेमक्या त्याच वयात घनताही जास्त असते. त्यामुळे आपल्याकडे केवळ मॅमोग्रामवर विसंबणे धोक्याचे आहे. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मॅमोग्रामला सोनोग्राफीची जोड दिल्यावर कर्करोग पकडण्याचे प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेले. विनाकारण पुढच्या तपासण्या कराव्या लागलेल्या स्त्रियाही वाढल्या, हेही त्याबरोबर नोंदले पाहिजे. नेदरलँड्समध्ये अतिघन स्तनांसाठी एमआरआय वापरल्यावर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग निम्म्यावर आले. पण तो खर्च आपल्या सार्वजनिक आरोग्यसेवेला सध्या झेपणारा नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या राजापूर तालुक्यात प्रश्न याच्याही आधी सुरू होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅमोग्राफीचे यंत्र नसते. सागवे-नाट्याच्या बाजूची बाई तपासणीसाठी रत्नागिरी गाठते, पाचलची अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे जाते, आणि कित्येकींची वाट चाकरमानी नातेवाइकाच्या खोलीवरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोचते. ते रुग्णालय १९४१ पासून कोकणचा आधार आहे. जिल्ह्यातच चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. पण वाट धरायलाच उशीर होतो. ‘दुखत नाही ना, मग लावणी आटपली की दाखवू’, पुढे ‘गणपती होऊं देत’, असे म्हणता म्हणता महिने जातात. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे वाडीवाडीत पोचलेले नाही.

अशा ठिकाणी काय करता येते, याचे भक्कम उत्तर मुंबईतच मिळाले. टाटा स्मारक केंद्राचे इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर चाचणी सुरू केली. एका गटाची, प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ४७ ऐवजी ३७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशीच तपासणी सांगितली आहे. राजापूरसारख्या तालुक्यात पहिली पायरी हीच, उपकेंद्रातल्या सेविकेच्या हातांची. मॅमोग्राम आणि घनतेचा हिशेब तिच्यानंतर येतो.

अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून मॅमोग्राम केलेल्या प्रत्येक स्त्रीला तिची घनता लेखी कळवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा नियम नाही. तो व्हायला हवा. तोवर रिपोर्ट हाती आला की आपली श्रेणी ए, बी, सी की डी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. सी वा डी असेल, तर सोनोग्राफी लागेल का तेही विचारावे. आणि हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राम ‘नॉर्मल’ आला म्हणून गप्प बसू नये. सुईने तपासून खात्री होईपर्यंत पाठपुरावा करावा.